पॅरिस, बाबागाडी आणि एक बूट

सहा मोठी माणसं, दोन वर्षांचं एक पोर आणि नऊ डाग. एवढा लवाजमा घेऊन आम्ही मे महिन्यात पॅरिस पाहायला निघालो. आम्ही राहतो ॲम्स्टरडॅमजवळ, तिथून पॅरिस रेल्वेने तीन-साडेतीन तासांवर. सासू-सासरे पुण्याहून आलेले, ननंद आणि तिचे यजमान नाशिकहून. "इतक्या लांब आलोच आहोत तर" या पाच शब्दांवर मराठी माणसाचा निम्मा प्रवास होतो, तसाच हाही झाला.

नवऱ्याने एक्सेलमध्ये तक्ता केला होता. सव्वादहा लूव्र संग्रहालय, पाऊण वाजता जेवण, दोनला सीन नदी. रकाने रंगवलेले होते. त्यात चिरंजिवांचा रकाना नव्हता, ही चूक पहिल्याच सकाळी लक्षात आली. हॉटेलच्या दारात त्यांना कबूतर दिसलं. अख्ख्या पॅरिसमध्ये त्यांना हवं असलेलं सगळं त्या कबुतरात होतं. आम्ही पाऊण तास फुटपाथवर उभे. आई म्हणाल्या, "अगं, पर्वतीच्या पायथ्याला हीच कबुतरं फुकट होती."

मग मेट्रो. पॅरिसची मेट्रो १९०० साली सुरू झाली, तेव्हा बाबागाडी घेऊन कुणी भुयारात उतरेल असं त्या लोकांना वाटलं नसावं. १४ नंबरच्या मार्गावर सगळीकडे लिफ्ट आहेत, कारण तो १९९८चा. आमचं हॉटेल अर्थातच त्या मार्गावर नव्हतं. जिने उतरा, बोगद्यातून चाला, पुन्हा जिने चढा, वर आलो म्हणेपर्यंत पुन्हा उतरा. पुढून नवरा, मागून भावजी, मध्ये अधांतरी बाबागाडी, अशी पालखी निघायची. गाडीत दशम्यांची पिशवी, चिवडा, मेतकुटाचा डबा, डायपर आणि बाबांचं जाकीट. पोर माझ्या कडेवर. तिसऱ्या जिन्याला बाबा धापा टाकत म्हणाले, "याला बाबागाडी म्हणतात ना? मग मला बसवा." त्यात विनोद किती आणि अर्ज किती, हे मला अजून कळलेलं नाही.

फ्रेंच माणूस तुसडा असतो असं ऐकून होते. पण प्रत्येक जिन्याला कुणीतरी अनोळखी माणूस न बोलता गाडीचा पुढचा दांडा उचलायचा, वर ठेवायचा आणि आम्ही आभार मानेपर्यंत गर्दीत नाहीसा व्हायचा. आमच्यातले मात्र दोघंजण जिना दिसला की फोटो काढायला थांबायचे. नावं घेत नाही. घरात राहायचं आहे.

लूव्र मंगळवारी बंद असतं, हे तक्त्यात नव्हतं. आम्ही गेलो मंगळवारी. आईंचा गणपतीचा उपास होता, त्यामुळे त्यांना ते रास्त वाटलं: "संग्रहालयालाही असू दे की एक वार." बुधवारी पुन्हा गेलो. काचेच्या पिरॅमिडमधून खाली उतरायला, गोल जिन्याच्या मधोमध एक उघडी गोल लिफ्ट आहे. ती कारंज्याच्या उलट, सावकाश जमिनीत जाते. चिरंजीव म्हणाले, "अजून." तीन वेळा अजून झालं.

मोनालिसासमोर ही गर्दी. ते चित्र ७७ सेंटिमीटर उंच, ५३ सेंटिमीटर रुंद. डोक्यांच्या आणि मोबाइलच्या फटीतून आईंना अर्धं मिनिटभर दिसली. "एवढुशी?" भावजींनी सांगितलं की १९११ साली ती चोरीला गेली होती, तेव्हा नुसती रिकामी भिंत बघायलाही लोक लोटले होते. "त्यांना तरी नीट दिसलं असेल," आई म्हणाल्या.

एवढ्यात पोराने माझ्या खांद्यावरून पाठीमागे बोट केलं. "भूभू!" मोनालिसाच्या अगदी समोरच्या भिंतीवर, जिच्याकडे बहुतेक लोक पाठ करून उभे असतात, तिथे व्हेरोनेसे या इटालियन चित्रकाराचं लग्नाच्या पंगतीचं चित्र आहे. जवळजवळ दहा मीटर लांब, पावणेसात मीटर उंच. त्यात मधोमध खरोखर कुत्री आहेत. उजव्या कोपऱ्यात एक मांजरही रांजणाशी खेळतंय. आईंनी पंगत निरखून पाहिली. "वाढपी बघ कसे तारांबळीत आहेत. मुख्य माणसाकडे कुणाचं लक्ष नाही. अगदी आपल्याकडच्यासारखं." हे चित्र व्हेनिसमधल्या मठाच्या जेवणघरात होतं, १७९७ साली नेपोलियनच्या सैन्याने कापून, गुंडाळून इकडे आणलं, असं मी वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "म्हणजे आहेर परत केलाच नाही." आम्ही तिथे चाळीस मिनिटं थांबलो. तक्त्यात मोनालिसाला दहा होती. एकूणात पोरानेच लूव्र दाखवलं म्हणायचं.

पण त्याचं सगळ्यात आवडतं स्थळ वेगळंच. पॅरिसच्या रस्त्यांवर करड्या रंगाची स्वयंचलित शौचालयं आहेत, २००६पासून फुकट. माणूस बाहेर आला की दार बंद होतं, आतली खोली स्वतःला धुऊन घेते, मगच पुढच्याचा नंबर. सहा माणसं, सहा धुणी. दर वेळी दार आपोआप सरकलं की चिरंजीव टाळ्या वाजवायचे. नदीवरची बोट गेली, पण त्याने दार शेवटपर्यंत पाहिलं.

शेवटच्या संध्याकाळी आयफेल टॉवर. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. १८८९ साली हा मनोरा दोन वर्षं, दोन महिने, पाच दिवसांत पुरा झाला आणि त्यात पंचवीस लाख रिव्हेट आहेत, हे कळल्यावर ते गप्पच झाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आमच्याकडे एवढ्यात टेंडर उघडत नसे." भावजींनी जिन्याचं तिकीट स्वस्त म्हणून दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या ६७४ पायऱ्या सुचवल्या. ताईंनी त्यांच्याकडे फक्त बघितलं.

वर न जाता हिरवळीपाशी बाकावर बसून राहायचं ठरलं. अंधार पडला की दर तासाच्या ठोक्याला वीस हजार दिवे पाच मिनिटं लुकलुकतात. मे महिन्यात तिथे नऊ वाजले तरी उजेड असतो, म्हणजे दहाची वाट बघणं आलं. भाकरवडी संपली. पोर झोपलं. बाबाही झोपले. दहाला पाच कमी असताना माझ्या लक्षात आलं, पोराच्या एका पायात बूट नाही.

नवा होता, वेल्क्रोचा. दोन दिवस तो जिथे तिथे भिरकावत होताच. मी बाकाखाली शिरले. मोबाइलची बॅटरी संपलेली. तेवढ्यात सगळीकडून "हाऽऽ" असा आवाज आला आणि गवत एकदम चमचमायला लागलं. मला वाटलं, चला, उजेड तरी झाला. त्या उजेडात मी पूर्ण बाक, झुडपाची कड, एका जपानी जोडप्याच्या चटईचा काठ तपासला. "सॉरी" म्हटलं. परत बाकाखाली गेले. दिवे विझले.

गुडघे झटकत उभी राहिले, तर आई पर्समधून सुपारीची डबी काढत होत्या. डबीशेजारी रुमालात गुंडाळलेला बूट.

"झोपलेल्या पोराच्या पायात का बूट ठेवतात? मघाशीच काढला मी. पण तू खाली काय बघत होतीस गं? इतकं सुंदर होतं वर!"