‘प्लॅन रद्द करा, परत आल्यावर पुन्हा घ्या’ असे नेमके कोणत्या नियमात लिहिले आहे?

अमेरिकेच्या टपाल सेवेतून निवृत्त झालेल्या मराठी मंडळींमध्ये आरोग्य विम्याविषयी एक लांबलचक संदेश फिरतो आहे. तो माझ्या मावशीच्या यजमानांपर्यंत, म्हणजे काकांपर्यंत, पोहोचला. त्यांनी मला फोन करून ‘रद्द करण्याचा अर्ज कुठे मिळतो’ एवढेच विचारले, म्हणून हे लिहिणे भाग पडले. एरवी अशा संदेशांना उत्तरे देत बसण्याची मला हौस नाही.

संदेशात पाच विधाने आहेत. पहिले, 2024 संपताना जुना विमा बंद झाला आणि ज्यांनी नवा अर्ज भरला नाही त्यांना आता विमाच उरलेला नाही. दुसरे, 65 वर्षांवरील प्रत्येक टपाल निवृत्ताला मेडिकेअरचा, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा, पार्ट बी (डॉक्टरांच्या आणि बाह्यरुग्ण उपचारांचा भाग) घेणे सक्तीचे झाले आहे. तिसरे, पार्ट डीचे, म्हणजे मेडिकेअरच्या औषधांच्या भागाचे, पत्र आले असल्यास फोन करून आपले नाव त्यातून काढून टाकावे, म्हणजे दुहेरी हप्ता वाचतो. चौथे, वर्ष-दोन वर्षे भारतात राहायला जाणाऱ्यांनी योजना रद्द करावी, तिथला स्वस्त विमा घ्यावा आणि परतल्यावर कोणत्याही ओपन सीझनमध्ये (योजना निवडण्याच्या वार्षिक मुदतीत) पुन्हा नाव नोंदवावे. पाचवे, हा सगळा खटाटोप टपाल खात्याचे दिवाळे झाकण्यासाठी आहे.

पहिले विधान चुकीचे आहे आणि त्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. 6 एप्रिल 2022 रोजी स्वाक्षरी झालेल्या पोस्टल सर्व्हिस रिफॉर्म ॲक्टने टपाल कर्मचारी आणि निवृत्त यांना संघराज्य कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण विमा कार्यक्रमातून काढून पोस्टल सर्व्हिस हेल्थ बेनिफिट्स या स्वतंत्र कार्यक्रमात आणले. त्याचे संरक्षण 1 जानेवारी 2025 पासून सुरू झाले. ज्यांनी स्वतः काही निवडले नाही, त्यांची नावे पूर्वीच्या योजनेशी मिळत्याजुळत्या योजनेत आपोआप नोंदवली गेली. विम्याचे कार्ड जुन्याच कंपनीचे आले असेल, तर त्याचे कारण हेच आहे.

दुसरे विधान अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यानेच लोक घाबरले आहेत. जे 1 जानेवारी 2025 रोजी किंवा त्यापूर्वी निवृत्त झाले होते आणि ज्यांच्याकडे तेव्हा पार्ट बी नव्हता, त्यांच्यावर तो घेण्याची सक्ती नाही. त्या दिवशी नोकरीत असलेल्या, पण 64 वर्षे पूर्ण झालेल्या कर्मचाऱ्यांवरही नाही. अमेरिकेबाहेर वास्तव्य असलेल्यांना आणि माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत नाव असलेल्यांनाही सूट आहे. सक्ती मुख्यतः त्यानंतर निवृत्त होणाऱ्या, तेव्हा 64 च्या आत असलेल्यांसाठी आहे. मात्र ज्यांच्याकडे पार्ट बी आधीपासून होता, त्यांनी ‘आपल्यालाही सूट आहे’ असे समजून तो सोडू नये, कारण त्यांना टपाल विमा टिकवण्यासाठी तोही चालू ठेवावा लागतो. काका 2019 मध्ये निवृत्त झाले आणि त्यांनी पार्ट बी घेतलेला नाही. म्हणजे ज्या सक्तीच्या धास्तीने ते सगळेच रद्द करायला निघाले होते, ती त्यांना लागूच नाही.

आता चौथ्या विधानाकडे, कारण खरे नुकसान तिथे आहे. तेही असे, की ते झाल्यावर कोणत्याही कचेरीत खेटे घालून भरून निघत नाही.

नोकरीत असलेला कर्मचारी विमा सोडू शकतो आणि पुढच्या ओपन सीझनमध्ये पुन्हा घेऊ शकतो. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा हाच नियम कुठेतरी ऐकला आणि तो निवृत्तांना चिकटवून दिला. निवृत्तांसाठी नियम वेगळा आहे. हा कार्यक्रम चालवणारे संघराज्याचे कार्मिक व्यवस्थापन कार्यालय, म्हणजे ओपीएम, निवृत्तांना स्पष्ट बजावते, की निवृत्ताने स्वतःहून नोंदणी रद्द केली तर त्याला सामान्यतः पुन्हा नाव नोंदवता येत नाही. पुढच्या वर्षी नाही आणि दहा वर्षांनीही नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येणारा ओपन सीझन ज्यांची नोंदणी चालू आहे अशा निवृत्तांना योजना बदलण्यासाठी असतो. रद्द करून बाहेर पडलेल्यांसाठी तो परतीचा दरवाजा नाही.

रद्द करणे आणि स्थगित ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. मेडिकेअर ॲडव्हांटेज (खासगी कंपन्यांमार्फत मिळणारे मेडिकेअर), मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी विमा), लष्कराचे ट्रायकेअर किंवा माजी सैनिकांच्या कुटुंबीयांसाठीचे चॅम्पव्हीए अशा ठरावीक संरक्षणांसाठी निवृत्त आपली नोंदणी स्थगित ठेवू शकतो आणि नंतर परत येऊ शकतो. ‘पुण्याला मुलीकडे राहायला जातो आहे’ हे कारण त्या यादीत नाही. भारतातल्या खासगी कंपनीची पॉलिसीही त्यात नाही. निवृत्तांसाठीच्या आर.आय. 79-9 या अर्जात रद्द करणे आणि स्थगित ठेवणे हे दोन्ही पर्याय एकत्रच येतात. थरथरत्या हाताने चुकीच्या चौकोनावर खूण झाली, की ज्या विम्यासाठी माणसाने निवृत्तीआधीची सलग पाच वर्षे नोंदणी सांभाळलेली असते, तो एका सहीने जातो.

शिवाय नुकसान एकट्या निवृत्ताचे होत नाही. त्याच्या पश्चात पत्नीचा विमा चालू राहण्यासाठी दोन गोष्टी लागतात: मृत्यूच्या वेळी तिचे नाव त्याच्या चालू नोंदणीत असले पाहिजे आणि तिला वारस म्हणून निवृत्तिवेतन मिळणार असले पाहिजे. काकांनी रद्दच्या चौकोनात खूण केली असती, तर मावशीचा पुढचा मार्गही त्याच क्षणी बंद झाला असता. संदेशात याविषयी अवाक्षर नाही.

तिथला स्वस्त विमा घ्या, हे सांगणाऱ्याने भारतीय विम्यातला प्रतीक्षा कालावधीही विचारात घेतलेला दिसत नाही. आधीपासून असलेल्या आजारांसाठी भारतातील विमा कंपन्या तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाला दोन वर्षांच्या वास्तव्यासाठी अशी पॉलिसी घ्यायला सांगणे म्हणजे नेमक्या ज्या आजाराची भीती आहे, त्यासाठी त्याला उघड्यावर सोडणे आहे. दुसरीकडे, मेडिकेअर काही अपवाद सोडता अमेरिकेबाहेरच्या उपचारांचे पैसे देत नाही, पण टपाल कार्यक्रमातील देशव्यापी योजनांपैकी अनेक देतात. बहुतेक वेळा रुग्णालयाचे बिल आधी स्वतः भरून, कागदपत्रे जोडून नंतर दावा करावा लागतो. हे कटकटीचे आहे, हे मान्य. एचएमओ प्रकारच्या, म्हणजे ठरावीक डॉक्टर-रुग्णालयांच्या जाळ्यापुरत्या चालणाऱ्या, योजना बाहेरदेशी बहुधा तातडीच्या उपचारांपुरत्याच मर्यादित असतात, म्हणून लांब मुक्कामाला जाणाऱ्याने ओपन सीझनमध्ये योजना बदलण्याचा विचार जरूर करावा. बदलावी, पण रद्द करू नये. थंडीचे चार महिने भारतात घालवणे म्हणजे परदेशी वास्तव्य नव्हे, त्यामुळे पार्ट बीमधून सूट मिळवण्यासाठी त्याचा आधार घेता येणार नाही, हेही या ओघात नोंदवतो.

तिसरे विधान धोक्याच्या दृष्टीने याच्या खालोखाल आहे. मेडिकेअर मिळत असलेल्या टपाल निवृत्तांना औषधांचे संरक्षण आता पार्ट डीच्या गट योजनेतून दिले जाते आणि त्यात नाव योजनेकडूनच घातले जाते. काकांना आलेले पत्र त्याचेच होते. त्यातून बाहेर पडले तर टपाल विम्यातले औषधांचे संरक्षण जाते आणि मूळ हप्ता एका डॉलरनेही कमी होत नाही. म्हणजे वाचले काहीच नाही आणि औषधे मात्र खिशातून. काका इन्सुलिन घेतात. पार्ट डीमध्ये संरक्षित इन्सुलिनसाठी महिन्याला 35 डॉलरपेक्षा जास्त द्यावे लागत नाही आणि 2025 साठी संरक्षित औषधांवरच्या वार्षिक खर्चाची कमाल मर्यादा 2,000 डॉलर ठरवलेली होती. ‘दुहेरी हप्ता’ या शब्दांमागे सत्याचा एक कण आहे, तो नाकारत नाही: ज्यांचे उत्पन्न बरेच जास्त आहे त्यांना पार्ट डीसाठी वेगळा अधिभार द्यावा लागतो. 2025 मध्ये ही रेषा एकट्या व्यक्तीसाठी 1,06,000 डॉलर आणि एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्यासाठी 2,12,000 डॉलर होती, आणि पहिल्या पायरीचा अधिभार महिन्याला 13.70 डॉलर होता. टपाल खात्याच्या पेन्शनवर जगणारे किती जण या रेषेच्या वर आहेत, हे ज्याने त्याने आपल्या विवरणपत्रात पाहावे.

राहिला दिवाळ्याचा मुद्दा. यात तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. 2006 च्या कायद्याने टपाल सेवेवर निवृत्तांच्या भावी आरोग्य खर्चाची तरतूद आधीच करून ठेवण्याचे ओझे टाकले होते. 2022 च्या कायद्याने ते काढले, थकलेले सुमारे 57 अब्ज डॉलर माफ केले आणि पुढच्या निवृत्तांचा खर्च अधिकाधिक मेडिकेअरकडे वळवला. टपाल सेवेचा हिशेब सावरणे हा त्यामागचा उघड हेतू होता. तो कोणी लपवलेला नाही आणि त्यावर राजकीय मतभेद असू शकतात. पण कायद्याच्या हेतूवर राग आहे म्हणून आपलाच विमा रद्द करणे, हा त्यावरचा उपाय कसा होतो, हे संदेश पुढे ढकलणाऱ्या एकानेही मला सांगितलेले नाही.

काकांनी अर्ज मागवलेला नाही. भारतात जाण्यापूर्वी ते आपल्या योजनेच्या माहितीपुस्तिकेतला परदेशी उपचारांचा भाग वाचणार आहेत, आणि तिथल्या रुग्णालयाकडून तपशीलवार बिल मागायचे हे मावशीने आत्ताच लिहून ठेवले आहे.