‘नटसम्राट’ पाहताना डोळे पुसणारा प्रेक्षक सातबाऱ्यासाठी रडत नसतो

आपले सारे मुलांना देऊन बेघर झालेल्या म्हाताऱ्या नटाची, अप्पा बेलवलकरांची, गोष्ट सांगणाऱ्या वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चे नव्या संचातले प्रयोग लागले की पाठोपाठ एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, पण सांगणे तेच असते. हे नाटक पहिले अप्पा साकारणाऱ्या डॉ. श्रीराम लागूंबरोबर संपले आणि आता मिळते ती दाद केवळ आठवणींना मिळते. आजचे प्रेक्षक दोन-तीन गाजलेल्या वाक्यांवर टाळ्या वाजवायला येतात. जुना प्रेक्षक जाणता आणि सोशिक होता. आणि नाट्यगृहात लोक रडतात ते ‘हयातीत मुलांच्या नावावर काही करू नये’ हा धडा पटल्यामुळे. अखेरीस ‘हे नाटक आपल्या मुलांना आवर्जून दाखवा’ अशी सूचना असते. सूचनेबद्दल माझी तक्रार नाही. तिच्याआधीच्या चारही विधानांबद्दल आहे.

आधी आठवणींचे पाहू. ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत झाला. निर्मिती गोवा हिंदू असोसिएशनची होती, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे होते आणि लागूंसमोर अप्पांच्या पत्नीच्या, कावेरीच्या, भूमिकेत शांता जोग होत्या. त्या वेळी विशीत असलेला प्रेक्षक आज पंचाहत्तरीला पोहोचला आहे. नाट्यगृहातल्या ज्या चाळिशीच्या आणि तिशीच्या माणसांचे डोळे पाणावतात, त्यांनी लागूंचे अप्पा बेलवलकर रंगमंचावर पाहिलेलेच नाहीत. मग त्यांची दाद आठवणींना कशी मिळेल? त्यांच्यापैकी अनेकजण २०१६ च्या चित्रपटावरून नाटकाकडे वळलेले असतात, आणि चित्रपटातला रामभाऊ हा अप्पांचा मित्र मूळ नाटकात नाहीच हे कळल्यावर काहीसे गोंधळतातही. शिवाय ही भूमिका लागूंच्या हयातीतच दत्ता भट, सतीश दुभाषी, चंद्रकांत गोखले, यशवंत दत्त अशा वेगवेगळ्या घडणीच्या नटांनी केली, आणि पुढे मोहन जोशी व रोहिणी हट्टंगडी यांनीही अप्पा आणि कावेरी पुन्हा रंगमंचावर आणले. ज्यांच्याबरोबर नाटक संपले असे म्हटले जाते ते लागू पहिल्या प्रयोगाच्या वेळी स्वतः ४३ वर्षांचे होते, म्हणजे त्यांचे म्हातारपणही अभिनयाने उभे केलेले होते. ज्या थोड्या प्रेक्षकांजवळ खरोखर आठवण आहे, ते तर नव्या नटाला सर्वांत कठोर असतात. मध्यंतरात चहाच्या रांगेत ‘पण लागूंचं ते…’ अशी सुरुवात त्यांचीच असते. आठवण नव्या प्रयोगाला मदत करते हे गृहीतकच उलटे आहे.

टाळ्यांच्या आक्षेपात थोडे तथ्य आहे, ते मान्य करायला हवे. ‘कुणी घर देता का घर’ हे वाक्य शाळेच्या स्नेहसंमेलनांतून, एकपात्री स्पर्धांतून आणि नकलाकारांच्या कार्यक्रमांतून इतके घासले गेले आहे की नटाने पहिला शब्द उच्चारताच मागच्या रांगेतून टाळी येते आणि पुढचे स्वगत तिच्यात बुडते. हे त्रासदायक आहे. मात्र ते आजचे आहे असे म्हणणाऱ्याने संगीत नाटकांचा काळ आठवावा. करुण प्रसंगातही पद आवडले की ‘वन्समोअर’ व्हायचा, नाटक थांबायचे, पद पुन्हा गायले जायचे, आणि प्रयोग रात्र संपवून पहाटेपर्यंत चालायचे. तो प्रेक्षक ‘एकच प्याला’तली बालगंधर्वांची सिंधू पाहत होता आणि त्याच वेळी बालगंधर्वांचे गाणेही ऐकत होता. दोन्ही गोष्टी एकाच मनात सुखाने नांदत होत्या. गाजलेल्या वाक्याची वाट पाहणारा आजचा प्रेक्षक त्याच घराण्यातला आहे. चांगला नट या टाळीला कसे टाळतो हेही पाहण्यासारखे असते. तो त्या वाक्यावर आवाज चढवण्याऐवजी पाडतो, जवळजवळ पुटपुटतो, आणि टाळीसाठी उचललेले हात तसेच राहतात.

जुन्या प्रेक्षकाच्या सोशिकपणाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ‘नटसम्राट’ आल्यानंतर दोनच वर्षांनी, १९७२ साली, विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ आले आणि त्याला उभे राहण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात लढावे लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आलेल्या तेंडुलकरांच्याच ‘घाशीराम कोतवाल’चे प्रयोग १९ प्रयोगांनंतर त्याच्या स्वतःच्याच संस्थेने थांबवले. मुलींना राज्य वाटून टाकणाऱ्या शेक्सपिअरच्या ज्या राजा लिअरशी अप्पा बेलवलकरांचे नाते जोडले जाते, त्याचे इंग्लंडमध्ये काय झाले तेही पाहावे. नेहम टेट नावाच्या लेखकाने १६८१ साली त्या शोकांतिकेला सुखान्त करून टाकले, लिअरची धाकटी मुलगी कॉर्डेलिया हिला जिवंत ठेवून तिचे लग्न लावून दिले, आणि इंग्रज प्रेक्षक सुमारे दीडशे वर्षे हीच आवृत्ती रंगमंचावर पाहत राहिले. शेक्सपिअरचे मूळ नाटक १८३८ मध्ये मॅक्रीडी या नटाने रंगमंचावर परत आणले. सॅम्युअल जॉन्सनसारख्या विद्वानालाही कॉर्डेलियाचा मृत्यू इतका असह्य झाला होता की संपादनाच्या निमित्ताने वाचणे भाग पडेपर्यंत त्यांनी ते शेवटचे प्रवेश पुन्हा उघडले नाहीत. तीन अंकांचे नाटक आज दोन अंकांत बसवले म्हणून प्रेक्षकाची पत घसरल्याचा निष्कर्ष काढणाऱ्यांनी ही दीडशे वर्षे कुठे ठेवायची ते सांगावे.

आता चौथे विधान, मुलांच्या नावावर काही न करण्याच्या धड्याचे. ते सर्वांत जास्त पसरलेले आहे आणि नाटकावर सर्वांत जास्त अन्याय करणारेही तेच आहे. ‘नटसम्राट’ हा बक्षीसपत्र न करण्याचा सल्ला असेल, तर त्याची गरज कधीच संपली आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणविषयक कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन ती अट न पाळणाऱ्याकडून ते हस्तांतरण न्यायाधिकरणापुढे रद्द करून घेता येते. कायदा उपयोगी आहे आणि तो अधिक लोकांना माहीत व्हायला हवा. पण तो वाचताना कुणाचा कंठ दाटून येत नाही. प्रेक्षक ज्यासाठी हेलावतो ते या कलमात मावत नाही, हे एवढ्यावरूनही लक्षात यावे.

नाटकातले प्रसंग नीट पाहिले तर मजकूर लिहिणाऱ्याची आणखी पंचाईत होते. लिअर राज्य वाटण्यापूर्वी मुलींकडून प्रेमाची कबुली वसूल करतो. अप्पा काहीच मागत नाहीत, ते आनंदाने देतात आणि मोकळे होतात. देण्यात त्यांची चूक झाली असे नाटक कुठेही म्हणत नाही. मुलांनाही शिरवाडकरांनी खलनायकाच्या एकाच रंगात रंगवलेले नाही. रंगभूमीवर राजासारखा वावरलेला, मोठ्या आवाजाचा, फटकळ आणि अहंकारी माणूस बेताच्या मध्यमवर्गीय संसारात कसा सामावायचा, हा सुनेपुढचा प्रश्न खोटा नाही, आणि घरी म्हातारी माणसे असलेला प्रेक्षक तो प्रश्न लगेच ओळखतो. मुलीच्या घरी चोरीचा संशय येतो तेव्हा नाट्यगृहात पसरणारी शांतता वेगळी असते, कारण तिथे हिरावला जातो तो शब्द. ज्याच्या बोलण्यावर हजारो माणसांनी विश्वास ठेवला, त्याच्या बोलण्यावर पोटची मुलगी विश्वास ठेवत नाही. यात मालमत्तेचा कागद कुठेच नाही.

माझ्या पाहण्यात, प्रेक्षक सर्वांत जास्त हलतो तो मुलांच्या प्रवेशांत नव्हे, तर अप्पा आणि कावेरी या दोघांच्या प्रवेशांत. बायकोला ‘सरकार’ म्हणणारा हा माणूस तिच्यापुढे थट्टा करतो, रागावतो, जुन्या भूमिका पुन्हा आठवतो; ती असते तोवर त्याला एक प्रेक्षक उरलेला असतो. ती गेल्यावर नट उरतो आणि पाहणारे कुणी उरत नाही. निवृत्त शिक्षक, गिरणी बंद पडलेला कामगार, मुले परदेशी गेलेली गृहिणी, यांतल्या कुणाचीही इस्टेट कुणी बळकावलेली नसते, तरी त्यांना हा प्रवेश आपला वाटतो. पुढे रस्त्यावर राजा नावाचा बूटपॉलिशवाला अप्पांना जवळ करतो. त्याला त्यांच्याकडून वारसाहक्काने काहीच मिळायचे नसते.

आणि फिरणाऱ्या मजकुरात ज्याचा उल्लेखही नसतो तो शेवट. पश्चात्ताप झालेली मुले अप्पांना शोधत येतात आणि घरी चला म्हणतात. नाटक मालमत्तेचे असते तर पडदा इथेच पडला असता, कारण घर मागणाऱ्याला घर मिळाले. अप्पा जात नाहीत. ते आपल्या साऱ्या भूमिकांना एकेक करून हाक मारतात आणि त्यांच्यातच मरतात.