तीन प्रतींत जडणघडण

एका संस्थेने मला तरुण लेखक म्हणून पुरस्कार द्यायचं मनावर घेतलंय. दिलेला नाही अजून, नुसतं मनावर घेतलंय. त्याआधी त्यांना माझं मनोगत हवंय. विषय ‘लेखक म्हणून माझी जडणघडण’, शब्द पाचशे, ए-फोर कागदावर डीटीपी करून तीन प्रतींत. सोबत दोन पासपोर्ट फोटो, आधारची झेरॉक्स आणि पुस्तकाच्या पाच प्रती, ज्या परत मिळणार नाहीत. पुस्तक मी पदरचे पैसे घालून काढलेलं आहे, म्हणजे पुरस्कार मिळायच्या आधीच मी त्यांना थोडासा दिलेला आहे. आणि मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिलेलं चालणार नाही, श्री-लिपी या डीटीपीवाल्यांच्या फॉन्टमध्येच पाहिजे, असं फोनवरच्या गृहस्थांनी बजावून सांगितलं. तुमची जडणघडण युनिकोडमध्ये झाली असेल तर ती ग्राह्य धरली जात नाही.

म्हणून मामांकडे गेलो.

मामा म्हणजे आमच्या अंबाजोगाईतले डीटीपी-झेरॉक्स-लॅमिनेशन-फ्लेक्सवाले. त्यांच्या कॉम्प्युटरवर अजून पेजमेकर हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर आहे. त्याची शेवटची आवृत्ती २००१ साली आली आणि मामांच्या मते त्यानंतर जगात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कॉलेजात पहिली कविता लिहिली तेव्हापासून माझं सगळं लेखन मामांनीच टाइप केलंय. माझं समग्र साहित्य वाचलेला पृथ्वीतलावर हा एकच माणूस, तोही पानामागे पैसे घेऊन. शिवाय १९८३ साली अंबाजोगाईत अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं तेव्हा शाळकरी मामांनी मांडवात पाणी वाटलेलं आहे. त्यामुळे साहित्यिक हा प्रकार त्यांना नवा नाही. “कोण किती पितंय ते जवळून बघितलंय सर,” असं ते नेहमी सांगतात.

मी हस्तलिखित समोर ठेवलं. मामांनी चष्मा पुसला, पहिली ओळ मोठ्यानं वाचली, ‘मी लिहू लागलो तेव्हा मला शब्दांची भीती वाटत असे’ आणि कीबोर्ड बडवायला सुरुवात केली. बराच वेळ बडवत राहिले. एका ओळीला एवढा वेळ कसा, म्हणून मी वाकून पाहिलं. पडद्यावर होतं : ‘मी खाली सही करणार, वय २७ वर्षे, धंदा –, रा. अंबाजोगाई, जि. बीड, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, मी लिहू लागलो तेव्हा मला शब्दांची भीती वाटत असे.’

“मामा, हे काय?”

“सवय हाताची. पण राहू द्या, वजन यायलंय. धंदा काय टाकू?”

धंदा टाकायचाच नाही, हे म्हणायचं सोडून मी कशाला तोंड उघडलं कोण जाणे. म्हणालो, “लेखन.”

मामांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. “तसा धंदा नसतोय सर. शेती, नोकरी, मजुरी, व्यापार, घरकाम. तीस वर्षं झाली मी अ‍ॅफिडेव्हिट टाइप करायलोय, एवढेच धंदे हायेत महाराष्ट्रात.”

“ट्यूशन घेतो ना मी.”

“ते लिहू नका. उद्या कुणी पावती मागंल. सुशिक्षित बेरोजगार टाकतो. सरकारमान्य शब्द हाय.”

बाकावर एक शेतकरी पीकविम्याचे कागद घेऊन बसले होते. त्यांनी मान डोलावून या नेमणुकीला संमती दिली.

खरं तर गावाचाच दोष आहे. मराठीचे आद्यकवी मुकुंदराज यांची समाधी आमच्या गावाजवळच्या डोंगरात. त्यांचा ग्रंथ ११८८ सालचा मानतात, आणि तेव्हापासून इथली कवींची रांग तुटलेली नाही. दर तिसऱ्या घरात एक कवी, आणि उरलेल्या दोन घरांत त्याने ऐकवून झालेलं. पुढे दासोपंत झाले. सव्वा लाख ओव्यांचा ग्रंथ लिहिला आणि तेवढ्यावर न थांबता चाळीस फूट लांब, चार फूट रुंद कापडावर म्हणजे पासोडीवरही लिहून काढलं. हे मी एकदा मामांना मोठ्या अभिमानानं सांगायला गेलो. मामा म्हणाले, “चाळीस बाय चार, एकशेसाठ स्क्वेअर फूट. त्या काळी कडेला दोरीसाठी आयलेट मारायची सोय नसंल, नाहीतर देवळापुढं लावता आलं असतं.” आणि माउलींचं आपेगाव तर मराठवाड्यातच. आमची आई माझी एखादी कथा साभार परत आली की कुणाचं नाव न घेता म्हणते, “काही लोकांचं सगळं लिहून एकविसाव्या वर्षी समाधी घेऊनसुद्धा झालं होतं.” माउलींशी तुलना होणाऱ्या मुलाने तरुण लेखक म्हणून मिरवायचं तरी कसं? साहित्य अकादमी बिचारी पस्तीस वर्षांपर्यंत तरुण मानते. आमच्या घरात ती मुदत संपलेली आहे.

तर मामा टाइप करत करत दुसऱ्या पानावर आले. तिथे मी लिहिलं होतं की सुरुवातीच्या कल्पनारम्य कवितांकडून मी हळूहळू मातीतल्या वास्तवाकडे वळलो. मामांचे हात थांबले.

“सर, एक इचारू का? राग नका धरू.”

राग नका धरू म्हटलं की धरायची तयारी ठेवावी लागते.

“पहिल्या कवितांत तुमच्या समुद्र असायचा. गावात नाही, जिल्ह्यात नाही, पण असायचा. ते बरं होतं. आता ही मातीतली. ‘भेगा’ कथेत बाप गळफास घेतो. ‘कोरडा आड’मधी बाप विहिरीत. ‘टँकर’मधी औषध पितो. ती चौथी, तिच्यात तर आज्जा बी जातो. आन गुरुजी तर परवाच आलते इथं, हयातीच्या दाखल्याचं झेरॉक्स काढायला.”

गुरुजी म्हणजे माझे वडील. निवृत्त प्राथमिक शिक्षक. नोव्हेंबर आला की ते जिवंत असल्याचा कागद बँकेत देतात आणि दिवाळी अंकात मी त्यांना मारतो.

“त्यांनी वाचलंय का?” मामांनी विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. बाकावरच्या शेतकऱ्यांनी कागद मांडीवर ठेवून विचारलं, “कशावर हाय म्हणलात गोष्ट?”

“दुष्काळावर,” मामा म्हणाले.

“औंदा तर पावसानं सोयाबीन सडलं. गुडघ्याएवढं पाणी होतं रानात. ह्ये कुठला दुष्काळ लिहायलेत?”

आता मी काय सांगावं? की मी समुद्र स्वखुशीनं सोडलेला नाही? एका मासिकाच्या संपादकांनी माझी पहिली कथा परत केली. ती चांगली होती, अजूनही मला चांगली वाटते. अंबाजोगाईतल्या एका मुलाला फोटोस्टुडिओत फोटो काढून घ्यायचा असतो आणि त्याला हसता येत नाही, एवढंच. संपादकांनी लिहिलं, ‘शैली आश्वासक, पण यात तुमचा मराठवाडा कुठे दिसत नाही.’ स्टुडिओ मराठवाड्यात होता, मुलगा मराठवाड्यातला, हसू न येणंही इथलंच. पण नाही दिसला. मग एका कार्यशाळेत एका मोठ्या लेखकांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “तुमच्याकडे केवढं दुःख आहे! वापरा.” लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, त्या बातमीवर मी कथा लिहिली आणि ती लगेच छापून आली. आमच्या घरचा सातबारा नाही. आजोबांच्या वेळी होता तो काकांकडे गेला. पण माझ्या कथेत सगळ्यांना शेत आहे, सगळ्या शेताला भेगा आहेत आणि सगळ्या आया चुलीसमोर खोकतात. आमच्या आईकडे गॅस आहे आणि तिला खोकला होत नाही. पुण्यातल्या लेखकाला मात्र कुणी विचारत नाही की तुमच्या कथेत पुणं का दिसत नाही. त्याच्या पात्राने कॉफी प्यायली की ती माणसाची गोष्ट होते. माझ्या पात्राने कॉफी प्यायली तर ती कुणी दिली, दुधाचे पैसे कुठून आले, यावर परिसंवाद.

हे सगळं मी मामांना ऐकवलं. थोडं चढ्या आवाजातच. मामांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “मग हे टाइप करू का? पण ह्येनं पाचशेच्या वर जाईल.”

एवढ्यात दोन पोरं गाडीवरून आली. भाऊंचा वाढदिवस, दहा बाय आठचा फ्लेक्स, खाली अडतीस शुभेच्छुकांचे फोटो. सगळं तयार, फक्त वर टाकायला दोन ओळी नव्हत्या. “सर हायेत की,” म्हणत मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी उभ्या उभ्या सांगितलं :

‘रात्री-बेरात्री उचलतो फोन,
भाऊंसारखा दुसरा कोण!’

“एक नंबर!” पोरगं ओरडलं आणि त्याने शंभराची नोट काढून माझ्या हातात दिली. विचारलं नाही, परत पाठवलं नाही, मराठवाडा दिसतो का पाहिलं नाही. मासिकवाल्यांकडून आजवर मानधन म्हणून अंकाची एक प्रत आली आहे, तीही पोस्टमनला दिवाळी देऊन. मामांनी माझ्या हातातली नोट घेतली, गल्ल्यात टाकली आणि म्हणाले, “बिलात वळती करतो.”

टायपिंग संपलं. ‘खाली सही करणार’ काढायला लावलं, तर शेवटी ‘आपला विश्वासू’ येऊन बसलं होतं. तेही काढलं. ‘वास्तव’मधला स्त तुटून पडला होता तो जोडून घेतला. तेवढ्यात संस्थेच्या गृहस्थांचा फोन आला. मामांनी मला तो स्पीकरवर टाकायला लावला, कारण काही बदल असेल तर फाइल उघडीच होती. मी मनोगताचा गोषवारा सांगितला. गृहस्थ जरा घुटमळले.

“छान आहे, छान आहे. पण जरा खडतर काही नाहीये का यात? म्हणजे बालपणीचं? वडिलांचा संघर्ष वगैरे? अध्यक्षांना भाषणात घ्यायला बरं पडतं.”

मी फोनकडे बघत राहिलो. मामांनी माउस धरला, पान खाली सरकवलं.

“जागा हाय चार ओळींची,” ते म्हणाले. “गुरुजींचं काय करायचं तेवढं सांगा.”