छेद नखाएवढा, दावा हातभर

लोकमान्य नगरपासून सुदामा नगरपर्यंत, इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींच्या फोनवर सध्या एक मेसेज फिरतोय: "मणक्याची गादी सरकली की दुर्बिणीने ऑपरेशन करून टाका. थांबाल तर लकवा. जुन्या पद्धतीत पाय जातो, दुर्बिणीत धोका शून्य. त्रास पुन्हा कधीच नाही." माझी गादी दुर्बिणीनेच काढलीय, म्हणून बोलतो.

गादी सरकली की ऑपरेशन? छे. पन्नाशीत कधीही कंबर न दुखलेल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसते. माझ्या डॉक्टरांनी तर फिल्म बाजूला ठेवली आणि मला टाचांवर चालायला लावलं. उजवा पंजा उचलेचना. त्याआधी महिनाभर त्या पायातली चप्पल निसटत होती. मी चपलेला दोष देत राजवाड्याहून दोनदा नवी आणली होती!

थांबाल तर लकवा, हेही सरसकट खरं नाही. सरकलेल्या गादीने नस दाबली की पायात कळ येते. बहुतेकांची ती काही आठवड्यांत औषधं आणि हालचालीने उतरते, गादीचा निसटलेला तुकडा शरीर बऱ्याचदा स्वतःच जिरवतं. नेदरलँड्समधल्या २००७च्या अभ्यासात लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षाअखेर थांबलेलेही जवळपास तिथेच पोचले. अर्थात थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात टेबलावर जावंच लागलं. लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा माझ्यासारखी ताकद जायला लागली, तर मात्र थांबायचं नाही. पहिल्या दोन्हींत तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

"जुनी पद्धत" म्हणजे काय, ते मेसेज सांगत नाही. मायक्रोस्कोपखालचं ऑपरेशन १९७७ पासून चालत आलंय, छेद इंचभराचा. दुर्बिणीने जखम कमी दुखते, घरी लवकर सोडतात. पायाच्या दुखण्याचा निकाल मात्र दोन्हींत साधारण सारखाच, आणि नसांच्या आवरणाला चीर दोन्हींत पडू शकते. बिनटाक्याची हौस तशी जुनीच. १९८२ मध्ये अमेरिकेत पपईच्या चिकातल्या एन्झाइमचं इंजेक्शन गादीत द्यायला परवानगी मिळाली होती. काहींना जिवावर बेतणारी ॲलर्जी झाली, पुढे ते मागे पडलं.

राहिलं "पुन्हा कधीच नाही". काढतात तो तुकडा, उरलेली गादी जागेवरच असते. शंभरात पाच ते पंधरा जणांची ती पुन्हा निसटते.

माझा छेद खरोखर नखाएवढा आहे. उजवा अंगठा दीड वर्षानंतरही पुरता उचलत नाही.