लेनिन कुठाय?

'अ‍ॅनिमल फार्म' या जॉर्ज ऑर्वेलच्या कादंबरीत (शेतावरची जनावरं मालकाविरुद्ध उठाव करतात; रूपक रशियन क्रांतीचं) प्रत्येक पात्र म्हणजे इतिहासातली एकेक व्यक्ती, हे एका लेखातलं म्हणणं पटलं नाही. नेपोलियन हा डुक्कर म्हणजे स्टॅलिन, त्याचा प्रतिस्पर्धी स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, इथवर ठीक. पण लेनिन कुठाय? म्हाताऱ्या मेजर डुकरामध्ये (उठावाची कल्पना त्याचीच) मार्क्सच्या जोडीने कोंबलाय म्हणावं, तर मेजर उठावाआधीच मरतो आणि लेनिन क्रांतीनंतर सहा वर्षं जगला. (शाळेत आम्हाला तक्ता पाठ करायला लावला होता, त्यात ही अडचण सोयीस्कर गाळलेली!)

खरी जुळणी घटनांची आहे. कोंबड्या अंडी द्यायच्या ऐवजी फोडून टाकतात. तशीच सोव्हिएत शेतकऱ्यांनी सामूहिक शेतीला विरोध म्हणून स्वतःचीच गुरं मारली होती. शेजारचा शेतमालक फ्रेडरिक (म्हणजे हिटलर) लाकडाच्या बदल्यात खोट्या नोटा देतो आणि मग चाल करून येतो: १९३९चा जर्मनी-सोव्हिएत करार, १९४१चं जर्मन आक्रमण.

ऑर्वेलचा काटेकोरपणा बघा. फ्रेडरिकची माणसं स्फोटाने पवनचक्की उडवतात तेव्हा नेपोलियनसकट सगळे जमिनीवर लोळण घेतात, असं आधी लिहिलं होतं. छपाईआधी त्याने ते 'नेपोलियन सोडून सगळे' असं करायला सांगितलं. कारण जर्मन सैन्य जवळ आलं तरी स्टॅलिन मॉस्कोतच थांबला होता.