सकाळची वेळ उन्हामुळे नव्हती

फिलिपाइन्सच्या खेळवेडावरच्या एका लेखात म्हटलंय की १९७५ ची मुहम्मद अली-जो फ्रेझर ही बॉक्सिंगची लढत मनिलात ‘उन्हाचा त्रास नको म्हणून’ सकाळी ठेवली. उलट आहे. १ ऑक्टोबरला सकाळी पावणेअकराच्या सुमारास घंटा वाजली, कारण तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आदल्या रात्रीचे पावणेअकरा होते आणि तिकीट काढून थिएटरच्या पडद्यावर लढत बघणारं गिऱ्हाईक तिकडे होतं. ऊनच चुकवायचं तर रात्र होतीच की! वर पत्रा, टीव्हीचे दिवे, खच्चून गर्दी. लढत झाली त्या अरानेटा कोलिझियम या बंदिस्त स्टेडियमची भट्टी झाली. फ्रेझरचे डोळे सुजले होते, चौदाव्या फेरीनंतर त्याच्याच प्रशिक्षकाने लढत थांबवली.

फिलिपिनो बॉक्सर मॅनी पॅकियावच्या अमेरिकेतल्या लढतींनाही हेच गणित. लास वेगासचे शनिवारी रात्रीचे नऊ म्हणजे मनिलात रविवार दुपारचे बारा (नोव्हेंबरात एक, तिकडचं घड्याळ तासाने मागे जातं). फिलिपाइन्समध्ये फुकटच्या चॅनेलवर जाहिराती घुसवून लढत उशिरा दिसायची, रेडिओवर मात्र थेट. म्हणजे शेजाऱ्याच्या रेडिओवर नॉकआउट आधी आणि आपल्या टीव्हीवर ठोसा नंतर! म्हणून लोक वस्तीतल्या छपराच्या बास्केटबॉल कोर्टवर लावलेल्या मोठ्या पडद्यासमोर जमत. आणि त्या लेखासारखं बास्केटबॉलला तिथलं ‘दुय्यम वेड’ म्हणण्याआधी २०२३ च्या विश्वचषकातल्या फिलिपाइन्सच्या पहिल्या सामन्याचा आकडा बघा: ३८,११५ प्रेक्षक.