नाव सांगितले की गुण जातो

शाळेच्या ग्रुपवर नागपूरच्या एका मित्राने मागच्या महिन्यात एकाच दिवशी दोन मजकूर पाठवले. सकाळच्या मजकुरात हळदीच्या पेटंटाची गोष्ट होती: अमेरिकेने आपल्या आजीबाईच्या बटव्यावर डल्ला मारला, डॉ. माशेलकरांनी तो सोडवून आणला, तेव्हा प्रत्येक भारतीयाने अभिमान बाळगावा. संध्याकाळच्या मजकुरात गडचिरोलीतल्या सुरजागडच्या लोहखाणीची बातमी होती आणि खाली त्याची स्वतःची टीप, की डोंगरात देव आहे म्हणून पोलाद अडवून धरणाऱ्यांनी एकदा एकविसावे शतक बघून यावे. दोन्ही मजकुरांना सारखेच अंगठे मिळाले. मी तेव्हा ऑस्ट्रेलियात पर्थमध्ये रात्रपाळीला होतो, समोरच्या पडद्यांवर उत्तरेकडच्या पिल्बरातल्या लोहखनिजाच्या गाड्या बंदराकडे सरकत होत्या, आणि मला विलक्षण संताप आला.

हळदीची गोष्ट खरी आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले आणि सीएसआयआरने, म्हणजे माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या आपल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने, आक्षेप घेतल्यावर 1997 मध्ये ते रद्द झाले. मात्र ते कोणा आजीबाईच्या साक्षीवर रद्द झाले नाही. त्यासाठी जुने संस्कृत ग्रंथ आणि 1953 मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलेला एक निबंध पुढे ठेवावा लागला, कारण तेव्हाच्या अमेरिकी पेटंट कायद्याला परदेशातले तोंडी ज्ञान ऐकूच येत नव्हते. पुढे आपण पारंपरिक ज्ञानाचे जे डिजिटल ग्रंथालय उभारले, त्याचाही पाया आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांचे ग्रंथ हाच होता. गडचिरोलीच्या माडिया आदिवासींनी ग्रंथ लिहिलेले नाहीत.

माझे वडील वनखात्यात कारकून होते आणि माझी पहिली दहा वर्षे त्याच जिल्ह्यात आलापल्लीच्या क्वार्टरमध्ये गेली. पेरूच्या झाडावरून पडून मी घोटा सुजवून घेतला तेव्हा त्यांच्या कार्यालयातले एक माडिया वनमजूर, ज्यांना आम्ही मुले दादा म्हणत असू, पळसाच्या पानात बांधून कसलीशी ओली साल घेऊन आले. आईने ती पाट्यावर वाटून, कोमट करून माझ्या पायाला बांधली आणि तिसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. आईने झाडाचे नाव विचारले, तेव्हा ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "नाव सांगितलं की गुण जातो, बाई." ते गेल्यावर आम्ही घरात हसलो होतो. एखादी कंपनी आपल्या सरबताचे सूत्र तिजोरीत ठेवते तेव्हा मात्र त्याला व्यापारी गुपित म्हणतात आणि कायदा त्याची राखण करतो.

24 मे 2024 रोजी जिनिव्हात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य देशांनी पाव शतकाच्या वाटाघाटींनंतर एक करार स्वीकारला. वनस्पती किंवा अन्य जनुकीय संसाधनावर आधारित पेटंट मागणाऱ्याने ते संसाधन कोठून आणले आणि त्याविषयीचे पारंपरिक ज्ञान कोणत्या समाजाचे आहे, हे अर्जात उघड करावे, एवढीच त्याची मुख्य अट आहे. त्या समाजाची परवानगी घेतलीच पाहिजे, असे हा करार म्हणत नाही, आणि साल ज्या झाडाची आणि झाड ज्या डोंगरावरचे, त्या डोंगराचा तर त्यात विषयच नाही. डोंगराविषयी बोलतो तो संयुक्त राष्ट्रांचा 2007 चा आदिवासी हक्कांचा जाहीरनामा. पवित्र स्थळे जपण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहिलेला आहे, पण जाहीरनामा म्हणजे बंधनकारक करार नव्हे. त्याच्या बाजूने 144 देशांनी मत दिले, त्यांत भारत होता. विरोधात चारच होते आणि त्यांत माझा आताचा देश होता, ज्याने 2009 मध्ये मत बदलले. आपली भूमिका मात्र फार सोयीची आहे: भारतात सगळेच मूळनिवासी. सगळेच मूळनिवासी म्हटले की सुरजागडच्या ठाकूरदेवाच्या डोंगराबद्दल माडियांनाच का विचारायचे, हा प्रश्न आपोआप तयार होतो.

तरीही आपल्याकडे कायदा नाही असे कोणी म्हणू नये. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा आहे, 2006 चा वनहक्क कायदा आहे, आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला तेव्हा बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि तो टिकला. तो डोंगर डोंगरिया कोंध आदिवासींच्या नियमराजा या देवाचा होता. सुरजागडच्या ठाकूरदेवाची यात्रा दर जानेवारीत भरते, इलाक्यातल्या गावांचे लोक येतात, आणि खाणपट्टा 2007 पासून आहे. माझे कुलदैवत माहूरची रेणुका. माहूरगडाच्या पोटात लोखंड सापडले असते तर आमच्या ग्रुपवर एकविसाव्या शतकाचा दाखला कोणी दिला असता, हे मला पाहायचे आहे.

हे सगळे मी ग्रुपवर लिहिले, आणि वर असेही लिहिले की आमच्याकडे प्रत्येक बैठक इथल्या मूळनिवासी वाजुक नूंगार लोकांचे स्मरण करून सुरू होते. मित्राचे उत्तर दोन शब्दांचे होते: "जुकान गॉर्ज."

24 मे 2020 रोजी, म्हणजे जिनिव्हाच्या कराराच्या बरोबर चार वर्षे आधी, पिल्बरात रिओ टिंटो या खाण कंपनीने जुकान गॉर्ज या घळीतले शैलाश्रय सुरुंगाने उडवले. तिथे 46,000 वर्षांच्या मानवी वावराच्या खुणा होत्या आणि माणसांच्या केसांचा चार हजार वर्षांपूर्वीचा विणलेला पट्टा सापडला होता, ज्याचे डीएनए तिथल्या आजच्या मूळनिवासी लोकांशी जुळले. स्फोटाची परवानगी 2013 ची होती, मोठे पुरातत्त्वीय उत्खनन नंतर झाले, आणि परवानगीवर पुनर्विचार मागण्याची सोय त्या लोकांना 1972 च्या राज्याच्या वारसा कायद्यात नव्हती. स्फोट पूर्णपणे कायदेशीर होता. कंपनीने माफी मागितली, प्रमुख अधिकारी गेले, संसदेची चौकशी झाली आणि राज्याने नवा कायदा केला, जो 1 जुलै 2023 रोजी अमलात आला आणि पाचच आठवड्यांत सरकारने तो मागे घेण्याचे जाहीर केले. जुनाच कायदा थोड्या दुरुस्त्यांसह पुन्हा आला.

तो नवा कायदा मागे का गेला, याचा एक छोटासा भाग मला जवळून माहीत आहे. अकराशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर खोदकाम करण्यापूर्वी वारसास्थळाची खातरजमा करावी लागेल, अशी हवा सगळीकडे झाली होती. पर्थजवळ मुंडारिंगला आमचा प्लॉट दोन हजारांचा आहे आणि मागे चुनखडीच्या फरशीचा पॅटिओ करायचा होता. शेजाऱ्याने कायद्याविरुद्धच्या अर्जाची लिंक पाठवली. जेवणाच्या सुट्टीत, कायद्याचे एक पानही न वाचता, मी त्यावर सही केली.

हे मी ग्रुपवर लिहिलेले नाही. पॅटिओ पुढच्या उन्हाळ्याआधी झाला. खोदणाऱ्याने तिथे आधी काय होते ते विचारले नाही, आणि मीही कोणाला विचारले नाही.